ग्रेड एक

पाकिटं मीच बंद केली होती, स्टेपलर मारून.
तीस पाकिटं, आत चिठ्ठ्या. पंधरा अ, पंधरा ब.
अ म्हणजे आरसा.
ब म्हणजे नेहमीचं, पुस्तकातलं.
सुरनर मामांनी डाव्या हातानं अकरावं उचललं,
उघडलं मी.
ब.

शास्त्र म्हणतं, यात माझा हात नाही.
उजवा तर त्यांचाही नव्हता.

लातूर आगाराचे कंडक्टर, रिटायर होऊन तीन वर्षं,
मेंदूत डावीकडं एक गुठळी,
तेव्हापासून उजवा हात मांडीवर,
सीटवर कुणी विसरून गेलेल्या पिशवीसारखा.

पहिल्या आठवड्यात नाव विचारलं
तर घाम येईस्तोवर शोधत राहिले.
घर कुठं? तेही सापडेना.
मग सहज म्हटलं, उमरग्याच्या गाडीला थांबे कोणते,
आणि तोंड सुटलं:
पेठ, बुधोडा, औसा, लामजना, किल्लारी
किल्लारीला थांबले.
पुन्हा म्हणाले, किल्लारी.
जुनी एक, नवी एक,
असं मी मानून घेतलं. मग नारंगवाडी आली.

तळघरातल्या ओपीडीत
मेणाच्या भांड्याचा वास, एप्रन धुतला तरी राहतो.
रात्री माझे अंगठे ठणकतात,
लोकांना सांगते तसे ते बर्फात धरत नाही.
आत्या म्हणते, साडेचार वर्षं, वर आणि दोन,
एवढं शिकून पोरगी लोकांचे पाय चोळते.
चोळणं सोपं असतं, आत्या.
अवघड असतं हात लावून गप्प बसणं,
दोन बोटं स्नायूवर ठेवून कानोसा घेणं
की आतून कुणी दार उघडायला उठलंय का.

शून्य म्हणजे काहीच नाही.
एक म्हणजे हालचाल नाही, नुसती चाहूल.
पाच म्हणजे तुम्ही, आम्ही, बस धरायला पळणारे.
तोंडी परीक्षेत हे एका दमात सांगितलं होतं.
शून्य आणि एक यांत अंतर किती,
असं कुणी विचारलं नव्हतं.

सहा आठवडे. रोज पाऊण तास.
खांदा, कोपर, मनगट. टॉवेल पुढं ढकला, मागं ओढा.
शेजारच्या टेबलावर अ गटातले गणाचारी सर
आरशात बघून मूठ उघडायला शिकत होते.
मामा त्यांच्याकडं बघत, मग माझ्याकडं.
मी गोनिओमीटरकडं.
हिप्परगेकर मॅडम म्हणाल्या, दया आली की डेटा जातो.
त्यांचं खरंच होतं.
त्या रात्री जेवण गेलं नाही, असं लिहिलं तर खोटं होईल;
डब्यात शेंगदाण्याची चटणी होती. जेवले.

शेवटचं मोजमाप. अंगठा: शून्य.
रकाना भरला, फाइल मिटली,
आणि मग आरसा आणला.
उजवा हात आरशामागं, डावा पुढं.
बघा मामा, उजवा हलतोय.
बराच वेळ बघत बसले.
एव्हाना शब्द येऊ लागले होते, धक्के खात, पण येत होते:
"ह्यो... डावाच हाय की.
फसवू लालीस व्हय?
चौतीस वर्षं... फुकटे धरलेत म्या."
आणि हसले. अर्ध्याच चेहऱ्यानं, पण पूर्ण.

तेवढ्यात काकूंनी पिशवीतून चिमटा काढला,
तिकिटाला भोक पाडायचा,
आगारात जमा करायचा राहून गेलेला.
डाव्या हातात दिला.
टिक.
आरशात उजव्यानं वाजवला. टिक.
आवाजाला डावं-उजवं नसतं,
हे पुस्तकात कुठं नव्हतं, निदान मी वाचलेल्या पानांत.
मामा हसायचे थांबले.

आरशामागं माझी दोन बोटं
त्यांच्या अंगठ्याच्या बुडाशी.
काहीतरी झालं.
गाडी चालू व्हायच्या आधी पत्रा शहारतो, तेवढंच.
की माझीच नाडी असेल, ठणकणाऱ्या अंगठ्यातली?
मला हवं होतं म्हणून लागलं असेल?
लिहायचं कुठं, फाइल तर मिटलेली.

"काय झालं व्हय, बाय?" काकूंनी विचारलं.
मी श्वास धरूनच म्हटलं,
पुन्हा एकदा वाजवा, मामा.