हनुवटी जरा खाली

सव्वापाचला गल्ली नंबर सहा कुलूपबंद.
चौथ्या किकला स्कूटर खोकते.
कानटोपी, वर मफलर, हातमोजे,
उजव्या मोज्याचं एक बोट कात्रीने उडवलेलं.
शटर दाबायला ते उघडंच लागतं
आणि धुळ्याच्या थंडीत
तेच आधी मरतं.

नकाणे तलाव अजून
ट्रेमध्ये नुकत्या सोडलेल्या कागदासारखा:
कोरा.
मग एक काठ उमटतो. बाभळीचं खोड.
मग करडे ठिपके, ज्यांना हळूहळू चोची येतात.
थापट्या. तलवार बदकं.
सगळ्यात शेवटी चक्रवाकांची जोडी,
भाजक्या विटेच्या रंगाची.
डार्करूम बंद करून अकरा वर्षं झाली,
तरी मी अजून मनात सेकंद मोजतो.

पस्तीस वर्षं माणसांचे फोटो काढले.
पासपोर्ट साइझ, आठ कॉप्या, मागे निळा पडदा.
हनुवटी जरा खाली. खांदे सरळ. हलू नका.
स्थळं बघायला घेतलेल्या मुली,
भरतीला निघालेली पोरं,
हयातीच्या दाखल्याला चिकटायला आलेले म्हातारे,
माझ्या एका शब्दावर सगळ्यांनी श्वास रोखला.

इथे श्वास मी रोखतो.
दादरच्या वावराच्या बांधाला पालथा,
अंगावर गोणपाट, कोपरं दहिवरात.
पट्टकादंब हरभऱ्यातून चरत येतात,
डोक्यामागे दोन काळ्या रेघा,
कुणी पट्टी लावून ओढल्यासारख्या.
ओठ न हलवता मी म्हणतो, हनुवटी जरा खाली.
सगळे एकदम माना वर करतात.

नोव्हेंबरपासून चार हजार फ्रेम.
शेपट्या. पाण्यावर विरणारी वर्तुळं.
नुकतीच रिकामी झालेली फांदी,
तिचे माझ्याइतके फोटो
जिल्ह्यात कुणाकडे नसतील.

झुलाल भोई ट्रकच्या ट्यूबवर बसून
जाळं ओढत येतो, पाय पाण्यात.
‘दखायनं का काही?’
‘दखायनं. सापडनं नही.’
तो हसतो. थापट्याला तो चमच्या म्हणतो.
‘चमच्या आज त्या आंगे शेतस,’ एवढं सांगून निघून जातो,
आणि चमच्या त्या अंगालाच असतात.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मात्र तो गेला नाही.
ट्यूब काठाला लावून उभा राहिला.
‘आधारकार्डना सोडीसन
मना एक बी फोटू नही, भाऊ.’

ओले केस हाताने चापून बसवले,
सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावली,
एक चुकलं, ते मी सांगितलं नाही.
माझी लेन्स लांबच्यांसाठी.
मागे सरकत, मागे सरकत
मी पराट्यांमध्ये शिरलो, तीस-पस्तीस पावलं.
‘येवढा लांब?’ तो ओरडला.
मी ओरडलो, हनुवटी जरा खाली! हलू नका!
त्या हिवाळ्यात पहिल्यांदा कुणी ऐकलं.

आणि त्याच्या मागे अख्खा तलाव उठला.
भोवत्या आला असेल, किंवा माझाच आवाज.
दोनशे कादंब, पंखांचा तो फाटल्यासारखा आवाज,
आणि ऊन नुकतंच त्यांच्या पोटापर्यंत पोचलेलं.
ज्यासाठी मी चार हजार वेळा बोट गारठवलं, ते.
रिंग अर्धी फिरवली असती, झालं असतं.
पण समोर एक माणूस श्वास रोखून उभा होता.

झुलाल लख्ख आला. दाढीतला थेंबसुद्धा.
मागे नुसत्या करड्या रेघा,
काच नीट पुसली नव्हती म्हणाल.

‘उडनात ना?’ त्याने विचारलं,
मान अजूनही माझ्याकडेच.
‘वळून बघायचं ना रे!’
‘तूच सांगं ना, हालू नको.’

चार दिवसांनी प्रिंट नेऊन दिली.
चेहऱ्याकडे त्याने पाहिलंच नाही.
नख टेकवून एकेक रेघ मोजत गेला,
तीसच्या पुढे कुठेतरी चुकला,
बोट सदऱ्याला पुसलं
आणि पुन्हा पहिल्यापासून.