दार दिसलं पाहिजे

छत्तीस वर्षं बेस्टचे मीटर वाचले,
घोडपदेव, माझगाव, शिवडी,
जिन्याखालच्या अंधारात बॅटरी दातांत धरून.
काटा दोन आकड्यांच्या मध्ये असला
की मागचा आकडा लिहायचा.
पुढचा आपल्या मनाने टाकायचा नाही.

आता नकाशासाठी फोटो काढतो.
भाचा म्हणतो, मामा, कंपनी फुकटात राबवते तुम्हाला.
राबवू दे. गुडघ्यांना कामाची सवय आहे.

सुरुवातीला चुकलो.
भाऊच्या धक्क्यावरची संध्याकाळ, फोन तिरका,
आकाश होतं त्यापेक्षा जास्त नारिंगी,
होडीच्या नाकावर बगळा.
पाहिला अकरा जणांनी.
त्यात भाचा दोनदा.

मग एकदा फिलोमेना डिसांचं इन्सुलिन घेऊन आलेला पोरगा
चाळीस मिनिटं गल्लीत फिरला,
कारण त्या राहतात बेकरीच्या वर
आणि बेकरीच्या नावाखाली कुणीतरी
केकचा फोटो टाकलेला.
केक चांगला होता. वर चेरी होती.
दार नव्हतं.

तेव्हापासून मी रस्ता ओलांडून पलीकडे जातो,
पाठ भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकतो.
पाटी पूर्ण, पायऱ्या पूर्ण,
शेजारचा विजेचा डबा थोडासा, कारण
माणसं त्याच्यावरूनच पत्ता सांगतात.
खांब सरळ हवा. खांब कलला
तर अख्खी इमारत प्यायलेली दिसते.
पूर्वेकडे तोंड असलेली दुकानं सकाळी नऊला,
बाकीची चारनंतर.
भर दुपारी छपराची सावली
पाटीवरची अर्धी अक्षरं खाते.
टेम्पो आडवा असेल तर थांबायचं.
ड्रायव्हर जेवत असतो. जेवू दे.

लोक मदत करतात, ती एक पंचाईत.
मुनव्वर चावीवाल्याने मला पाहिलं,
झटक्यात केस विंचरले, फडका मारला,
स्टॉलपुढची लाल बादली उचलून आत लपवली.
म्हटलं, बादली ठेव परत.
उद्या ती इथेच असणार ना?
असणार.
मग लोक तिच्यावरूनच तुला ओळखणार.
तो जरा हिरमुसला.
मग नळावर जाऊन बादली घासून आला.

माझा सगळ्यात जास्त पाहिलेला फोटो
शिवडीच्या सार्वजनिक शौचालयाचा.
त्र्याहत्तर हजार.
बायकांच्या बाजूचं दार, दारावरचा दिवा,
तीन पायऱ्या, डावीकडे कठडा.
तुटलेला नळही आलाय.
भाच्याने तो दोनदा पाहिला नाही.

गेल्या मंगळवारी डॉक्टर पिळणकरांच्या इमारतीपाशी गेलो.
माझ्या फोटोत हिरवं दार आहे,
पितळी मूठ, वेळ नऊ ते एक.
तिथे आता निळे पत्रे, दोन पुरुष उंच.
या इमारतीतला डावीकडून तिसरा मीटर
कायम मागे पडायचा.
सगळ्यांना माहीत होतं, मलाही.

नकाशा विचारतो,
हे ठिकाण कायमचं बंद झालं आहे का?
होय. नाही. खात्री नाही.
भाचा फोनवर म्हणाला, जुनाच राहू दे ना,
किती छान आलाय.
आलाय खरा. सकाळी नऊचा आहे.
पण तापलेलं पोर खांद्यावर घेऊन
कुणी तरी त्या हिरव्या दाराच्या भरवशावर येईल.

समोर गेलो. भिंतीला पाठ लावली.
पत्रे सरळ घेतले, काटकोनात,
जसे दुकान घेतो तसेच.
पडद्यावर मोठं करून बघताना
कोपऱ्यात खडूची अक्षरं सापडली,
डॉक्टरांचीच असावीत, कारण वाचता येईनात:
दवाखाना मागल्या गल्लीत, पिठाच्या गिरणीवर.

काटा मध्येच होता तर.
काहीच न दाबता फोन खिशात टाकला,
वळसा घालून मागे गेलो.

गिरणीसमोर टेम्पो उभा होता.
ड्रायव्हरने डबा नुकताच उघडला होता.