चटईक्षेत्र

खुर्च्या अकराच निघाल्या, म्हणून उरलेले चटयांवर बसलो.
विषय एक: आपली अठ्ठावीस बैठी घरं पाडून
त्या जागी दोन मनोरे बांधायचे की नाही.
विषय दोन: पाण्याची टाकी धुणे.
मी चिटणीस. वही माझ्या गुडघ्यावर.

बिल्डरचा माणूस ठेवून गेलेल्या गुळगुळीत पुस्तिकेत
आमचं नेरूळ ओळखू येईना.
झाडं सगळी एका उंचीची,
माणसं चालतायत, पण एकाच्याही हातात पिशवी नाही.

धुरंधर म्हणाले, सव्विसाव्या मजल्यावर
माझा शेवगा कोण नेऊन देणार?
त्यांचा शेवगा अर्धा खांडेपारकरांच्या हद्दीत,
शेंगांवरून दोघांत नऊ वर्षं अबोला.
आज खांडेपारकर म्हणाले, बरोबर आहे त्यांचं.
हे मी वहीत घेतलं नाही.

कुणी म्हणालं, गाड्या कुठे लावायच्या.
कुणी म्हणालं, पाणी आत्ताच साडेसहाला जातं.
कुणी म्हणालं, कसले कसले लोक येऊन राहतील,
तेव्हा मुकादम चष्मा पुसत होते.
काच स्वच्छ झाली तरी पुसतच राहिले.

मग शकू वाघचौरे उठल्या.
ब्लाउज शिवतात, आवाज कधी चढत नाही.
म्हणाल्या, माझा महेंद्र तळोज्याच्या पुढे राहतो.
नातवाला न्हाऊ घालते ती महिन्यातून दोनदा.
या सेक्टरात त्याला भाड्यानेही खोली परवडत नाही,
आणि तो इथेच, या समोरच्या गटारात, बेडूक पकडून मोठा झाला.
तुमची मोकळी हवा चांगलीच आहे हो,
पण तिच्यात थोडी त्याच्या वाट्याची आहे.
आणि बसल्या. पदराला लागलेला दोरा काढत.

खजिनदार घाईघाईने चटईक्षेत्रावर आले,
निर्देशांक किती, वाढीव किती, हस्तांतरित किती.
टिपणीस सरांनी कानातलं यंत्र सारखं केलं:
किती चटया म्हणालास?
हसले सगळे. सर हसले नाहीत.
आम्ही आलो तेव्हा एकच होती, म्हणाले,
तिच्यावर चौघं झोपायचो, दार सताड उघडं.
समोर काही नव्हतंच. नुसता चिखल आणि खेकडे.

चहाचे कप गोळा करता करता हिराबाई तांडेल म्हणाली,
तो चिखल नवता, सर. भाताची खार व्हती आमची.
आणि पुढच्या रांगेत गेली, कप मोजत.

मी आवाज बसल्याचं निमित्त करून गप्प होतो.
माझ्या घरावर पत्र्याची एक खोली आहे,
नकाशात नाही, कुठल्याच पावतीवर नाही.
तिथे नर्सिंगच्या दोन मुली राहतात,
एक शहाद्याची, एक उमरग्याची.
अठ्ठावीसपैकी तेवीस घरांच्या डोक्यावर अशी खोली आहे.
आम्ही कधीचेच उंच झालोय,
बैठे आहोत ते फक्त कागदावर.

हात वर. बाजूने अकरा.
विरोधात बारा.
तटस्थ तीन, त्यांतला एक लिहीत होता.
टाकी धुण्याचा ठराव मात्र एकमताने.
इतर विषय, माननीय अध्यक्षांच्या परवानगीने, काही नाहीत.

उठताना गुडघे वाजले, माझे आणि आसपासचे.
घरी येऊन लेंगा वर केला तर
पोटरीवर चटईची वीण उमटलेली,
आडवी, उभी, आडवी, उभी,
मोजली असती तर वीतभर भरली असती.

जिन्यावरून उमरग्याची हाक:
काका, काय ठरलं?
तिच्या हातात शरीरशास्त्राचं पुस्तक, बोट पानात तसंच.
मी म्हणालो, पुढच्या रविवारी परत सभा.
ती थांबली थोडी.
मग म्हणाली, वर पाणी नाहीये.

मी मोटर लावली.
भिंतीतल्या नळीत घरघर झाली, एकदा अडली,
आणि पाणी वर चढायला लागलं.