हात लावू नये

बावीस वर्षं झाली या स्टुलावर.
भोकरदनचं वस्तुसंग्रहालय: दोन दालनं, एक व्हरांडा,
सोमवारी बंद.
माझं काम तीन शब्दांचं,
हात लावू नये.
पाटीही मीच रंगवलेली. 'लावू'चा उकार ऱ्हस्व पडला होता,
साहेबांनी दुरुस्त करून घेतला,
जुना अजून खालून दिसतो
ऊन आलं की.

सहली येतात टेम्पोत बसून.
पोरं काचेला नाक लावतात,
नाकांचे ठसे मी संध्याकाळी पुसतो
जुन्या धोतराच्या फडक्यानं.
मणी, शंखाच्या बांगड्या, हस्तिदंती फणी,
केळणेच्या काठाला सापडलेली काळी हंडी.
नोंदवहीतले नंबर मला सगळे पाठ,
स्पर्श एकाही वस्तूचा नाही.

वर्धापनदिनाला दरवर्षी रांगोळी, पेढे,
आणि वर पाठवायला फोटो.
औंदा सोळुंके मॅडम म्हणाल्या,
म्हस्केमामा, काचा काढा.
मला वाटलं, पुसायला.

जालन्याहून अंधशाळेची सोळा मुलं येणार होती.
मंगल कार्यालयातून गाद्या आणल्या, टेबलांवर अंथरल्या,
त्यावर बारा वस्तू, बारा बाळंतिणींसारख्या.
पाटीवर मॅडमनी खताच्या दुकानाचं कॅलेंडर अडकवलं.
माझे पाय लटलटत होते.

आली, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून.
नळावर हात धुतले, फ्रॉकला पुसले, चड्डीला पुसले.
आणि बोलायचं मी होतं.
"लावा हात," म्हणलं,
तर आवाज निघाला दटावल्यासारखा.
पुढच्या पोरानं हात झटकन मागं घेतला.
मग मॅडमच बोलल्या.

सोंड तुटलेल्या हत्तीवरून दोघांत भांडण,
एक म्हणे हत्ती, एक म्हणे डुक्कर.
हंडीत कुणीतरी तोंड घालून ओ दिली,
हंडीनं ओ परत दिली.

नंबर एकशे सतरा.
भाजलेल्या मातीची स्त्री, उजवा हात नाही,
उंची अकरा सेंटिमीटर.
आणल्यापासून तिची पाठ भिंतीकडे.
रेहाना पठाण, इयत्ता चौथी,
तिनं चेहऱ्यावरून एकदाच बोट फिरवलं,
मग सरळ उलटी केली बाईला
आणि तिथंच थांबली.
मागं रांग खोळंबली.

"मामा, हिला मागून कुणीतरी धरलंय."
काय?
"हे बघा. चार बोटं. अंगठा पुढं आलाय, हाराखाली."
तिची बोटं त्या खळग्यांत सैल पडत होती.
"मोठा हात आहे. माझ्या अब्बूंएवढा.
ते वीटभट्टीवर असतात."

मॅडम मोबाइलची बॅटरी लावून वाकल्या.
मी लांबच.
तिनं माझा हात हवेत चाचपून धरला
आणि नेऊन ठेवला.
गार नव्हती, गरमही नव्हती.
करंगळी खळग्यात गेली आणि अडकल्यागत राहिली.
वहीत तिच्यापुढं 'भाजलेली' लिहिलंय,
शेकड्यांनी वेळा वाचलं मी.
आधी ती ओली होती
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पाचला एसटी होती, मुलं गेली.
काचा बसवल्या, स्क्रू आवळले.
शेऱ्याच्या रकान्यात मॅडमनी लिहिलं,
पाठीवर बोटांचे ठसे, कुंभाराचे
(मग थांबल्या, 'किंवा कुंभारणीचे' जोडलं),
प्रथम निरीक्षण: कु. रेहाना पठाण.
कॅलेंडर काढायचं कुणालाच सुचलं नाही,
अजून तिथं जानेवारीच आहे.

घरी गयाबाई भाकरी थापत होती.
वीस-बावीस वर्षं हेच ताट, हाच आवाज.
तव्यावरून उतरली, तिनं ताटात टाकली,
मी ती उचलून उलटी केली, दिव्याकडं धरली.
"काय, करपली का?"
नाही म्हणलं.
"मग खा की. गार होईल."
बोटं दिसत होती.