साल

मी गोळ्या पोहोचवतो. औषधाच्या नव्हे, लाकडाच्या.
पेन्सिलीएवढ्या जाड, बोटाच्या पेराएवढ्या लांब,
पंधरा किलोची एक पिशवी, एका फळीवर पासष्ट.
एस्टोनियाच्या दक्षिणेला, सरहद्दीचं कुंपण दिसू लागतं
तिथलं शेवटचं घर माइमू कल्लास्तेचं.

ऑक्टोबरात ती दारात उभी राहते, शाल डोक्यावरून,
ओठ हलत असतात: बासष्ट, त्रेसष्ट...
"गेल्या खेपेला एक फाटकी होती."
"बदलून दिली ना."
"दिलीस. पण फाटकी होती."

तिच्या नवऱ्याला, आर्वेदला, माझा माल पटला नाही.
"कोंबड्यांचा दाणा," म्हणायचा,
आणि भिंतीलगत बर्चच्या फाकी रचत राहायचा,
हात थरथरू लागले तरी ओळ सरळ.
दर ओळीतल्या एका फाकीच्या तोंडावर
सुताराच्या पेन्सिलीनं आकडा: कोणत्या मार्चात फोडलं ते.
प्रत्येक फाकीवर साल होती.
प्रत्येक ओळीवर साल होतं.

तो गेल्यावर मुलीनं टार्टूहून नवी शेगडी पाठवली,
काचेचं दार, बटणं, आत फिरणारा स्क्रू.
महिन्याची राख वाडगाभर,
ती माइमू मनुकांच्या झुडपाशी ओतते.

"यांना चिकटवतात कशानं?" तिनं एकदा विचारलं.
मी चार वर्षं त्या यंत्रावर होतो, मला ठाऊक आहे:
कशानंच नाही. खळ नाही, डिंक नाही.
भुसा दाबला की तापतो,
तापला की लाकडाच्याच अंगातलं काहीतरी
मऊ होतं, आणि निवताना धरून ठेवतं.
तिनं एक गोळी पाण्याच्या पेल्यात टाकली.
माझी कॉफी संपायच्या आत
पेल्यात नुसता भुसा.
"इतकंच?"
"इतकंच. कोरडं ठेवायचं."

पिशवीवर हिरवं पान छापलंय,
खाली लिहिलंय: पुन्हा उगवणारं इंधन.
तिनं मला खिडकीशी नेलं.
समोरची टेकडी तीन वर्षांपूर्वी भादरलेली,
बर्फातून गुडघाभर रोपांची टोकं.
"उगवतंय, नाही म्हणत नाही.
मी ब्याऐंशीची आहे. ते साठ वर्षं घेणार."
मी म्हणालो, झाडं दारांखिडक्यांना गेली,
आपल्याकडे येतो तो गिरणीचा भुसा,
नाहीतर कुजलाच असता.
"आणि मागच्या हिवाळ्यात, भुसा पुरला नाही तेव्हा?"
मी रिकामा पेला पुन्हा तोंडाला लावला.

जानेवारीत वादळ आलं. तारा तुटल्या, तीन दिवस अंधार.
वीज नाही तर स्क्रू फिरत नाही, ठिणगी पडत नाही,
कोठीत अर्धा टन ऊब, आणि घर गार.
दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरमागून मी पोहोचलो,
वाटेत तिच्याशी काय बोलायचं, ठरत नव्हतं.
धुराडं धुमसत होतं.
जुनी विटांची भट्टी, वर झोपता येईल एवढी रुंद,
आणि तिच्या पोटात आर्वेदची शेवटची रास,
जिला सात हिवाळे कुणी हात लावला नव्हता.

टेबलावर करवत.
शेजारी लाकडाची एक चकती, भाकरीएवढी पातळ,
एका कडेला पांढरी साल चिकटलेली,
मधोमध पुसटसं २०१४.
"जाळण्याआधी तेवढं काढून घेतलं," ती म्हणाली,
जणू माशाचा काटा काढला असावा.

चौथ्या दिवशी वीज आली तेव्हा मी तिथेच होतो.
शेगडी खाकरली. एक दाणा पडला, मग दुसरा.
काचेमागे जीभभर ज्योत.
माइमूनं तिच्याकडे पाहिलं, मग भट्टीकडे,
खुर्ची दोन्हींच्या मध्ये ओढली.
"ऐक," ती म्हणाली,
"ऑक्टोबरात चौसष्टच होत्या."