थाळी दिसेनाशी होते तिथे

अल्पो, त्या ऑगस्टमध्ये तू बादली घेऊन आलास
आणि माझ्या पायरीवर उपडी केलीस.
हिरवा लगदा, वाटाण्याच्या सुपासारखा दाट,
वास मात्र मेलेल्या माशाचा.
"तुझंच आहे, साइमी," एवढंच म्हणालास.
बादली तिथेच टाकून गेलास.
तीन दिवस मी ती उचलली नाही.

आमचं शेत उताराचं, चिकणमातीचं.
सासऱ्यांनी पार पाण्याच्या ओठापर्यंत नांगर नेला.
युद्धानंतरचे दिवस होते ते,
वीतभर जमीन म्हणजे वीतभर भाकरी.
शेजाऱ्याचा बांध कोरला की भांडण होतं,
कचेरी होते, दोन पिढ्या बोलणं बंद होतं.
आम्ही तळ्याचा बांध कोरला.
तळं कचेरीत गेलं नाही.

एप्रिलमध्ये बर्फ सुटतो तेव्हा
जमीन आतून गोठलेलीच असते, वरची दोन बोटं तेवढी सैल.
पाणी दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचं होऊन
चरांमधून घाईघाईनं उतरत राहतं.
मी खिडकीतून बघायचे, म्हणायचे, आला वसंत.
हेक्टरी किती, कधी, कितव्या आठवड्यात,
खताच्या पोत्यावरचं सगळं मला पाठ होतं.
त्यातलं बार्लीनं किती खाल्लं आणि चरानं किती,
ते कुठल्याच पोत्यावर छापलेलं नव्हतं.

पुढचं तुला माहीत आहे.
काठाची पंधरा मीटर पट्टी गवताला सोडली.
"आई, दरवर्षी एक ट्रॉली बार्ली गेली," ओस्मो म्हणाला.
जाऊ दे, म्हटलं.
म्हणणं सोपं होतं. पेरणीच्या दिवशी ट्रॅक्टर वळवताना
हात आपोआप सरळ चालले होते.
चराच्या तोंडाशी डबकं खणलं:
पाण्यानं जरा बसावं, दम खावा,
हातातलं खाली ठेवून मग पुढं जावं.
शरदात जिप्सम पसरलं. शेत इतकं पांढरं झालं
की पलीकडच्या काठावरून आउनेचा फोन आला,
तुमच्याकडे एवढ्यात बर्फ पडला का गं?

आणि तू ती थाळी दिलीस.
पांढरी, पत्र्याची, दोरीला हाता-हातावर गाठी.
होडीच्या सावलीत हळूहळू सोडायची,
दिसेनाशी झाली की ओली गाठ मोजायची.
नवव्या गाठीत लाल चिंधी होती, तुझ्या वडिलांच्या काळची.
मला तिसरी मिळाली.

दुसऱ्या वर्षी तीन. तिसऱ्या वर्षी तीन.
पाचव्या वर्षी अडीच.
मी दोरी होडीत फेकली. तू वल्हं थांबवलंस.
म्हणालास, तुझ्या सासऱ्यांचं खतसुद्धा आहे अजून तळाशी.
उन्हाळ्यात खाली श्वास कोंडला की ते वर येतं.
मला आमच्या घरातली भांडणं आठवली,
मीठ जास्त झालं म्हणून सुरू होणारी
आणि लग्नातल्या मानपानापर्यंत जाणारी.

सातव्या वर्षी डबक्यातला गाळ उपसला.
अकरा ट्रॉल्या. तू फावडं घेऊन न बोलावता आलास.
काळी, गार, ओळखीच्या वासाची माती.
वरच्या शेतात नेऊन पसरली.
सासरहून अचानक परत आलेल्या लेकीला
पहिल्या दिवशी काही विचारू नये,
तसं मीही तिला काही विचारलं नाही.

तुझी बादली अजून माझ्याकडेच आहे.
तिनं मी होडीतलं पाणी उपसते.
तू मागितली नाहीस, मी दिली नाही.

काल एकटीच गेले होते.
चौथी गाठ ओली झाली.
पुन्हा सोडली, पुन्हा चौथी.
पण वारा नव्हता, ऊन डोक्यावर होतं,
त्यामुळेही असेल.
वहीत तारीख लिहिली, चार लिहिले,
आणि त्यापुढे, तू ओरडशील म्हणून,
वारा नाही, असंही लिहिलं.