पंचवीस अंश

मंगळवारी रात्री अडीच वाजता ओव्हन ओरडायला लागला.
बाहेर उणे अठ्ठावीस, अख्खं थंडर बे गोठून चिडीचूप,
आणि आमच्या स्वयंपाकघरात ही टिटवी.
पडद्यावर एक अक्षर, एक आकडा.
सिर्का पांघरुणातूनच म्हणाली,
"रायमो, तुझ्या भाषेत बोलतोय तो. तूच बघ."

कागदाच्या गिरणीत मी एकतीस वर्षं वायरी ओढल्या.
गिरणी बंद पडली, हात नाही पडले.
आधी मेन बंद. मग ओव्हन भिंतीपासून पुढे ओढला.
मागे सापडलं एक हिरवं बटण, दगड झालेले तीन मनुके
आणि हॉकीच्या कुठल्याशा मॅचचं अर्धं तिकीट.
(मॅच आम्ही हरलो होतो. तेवढं आठवतं.)

सेन्सरला मीटर लावला: एक हजार ऐंशी ओहम. निर्दोष.
खालची कॉइल: अठ्ठावीस. तीही निर्दोष.
दाराची कडी, फ्यूज, जळकट वासाची ती लाल वायर,
एकेकाला सोडत गेलो,
आणि जो उरला त्याच्यावर भिंग धरलं.
रिलेच्या पायाशी, डाखात, केसाएवढी गोल चीर,
कप उचलल्यावर टेबलावर राहते तशी.
नवा डाख दिला. दोन दिवस गुण आला.
तिसऱ्या रात्री पुन्हा टिटवी.

हा बोर्ड आता कुणी बनवत नाही.
ड्रायडनच्या भंगारवाल्याकडे, ओस्टॅपकडे, एक निघाला,
कुणाच्या तरी मोडीत काढलेल्या चुलीतला.
त्याने तो लोकरीच्या मोज्यात गुंडाळून पोस्टाने धाडला.
दुसरा मोजा कुठे, हे विचारायचं राहिलंच.

प्रत्येक वायरीला चिकटपट्टी, पट्टीवर आकडा.
टॉर्च सिर्काच्या हातात.
टॉर्च धरणारा नेहमी भलतीकडेच धरतो, मी म्हणालो.
दुरुस्ती करणाऱ्याचं डोकंच नेहमी उजेडात येतं, ती म्हणाली.
चौदा वायरी, चार स्क्रू,
एक स्क्रू उरला तो मी खिशात टाकला, तिला न दाखवता.
मेन चालू केला
आणि पडद्यावर बारा वाजले.
आयुष्यात पहिल्यांदाच बारा वाजल्याचा आनंद झाला.

शनिवार म्हणजे पुल्ला.
वेलदोडा कुटून, तीन पेडांची वेणी घालून,
आईच्या हातची म्हणून ती जो पाव करते, तो.
चारशे अंश, पंचवीस मिनिटं, कार्डावर लिहिलंय तसं.
निघाला तो कोळसा.
सिर्का काही बोलली नाही. ट्रे खिडकीबाहेर बर्फात ठेवला
आणि आपल्या हातांकडे बघत राहिली,
जणू चूक तिथे होती.

मी आत थर्मामीटर टांगला. चारशे म्हणजे चारशेच.
तेव्हा उजेड पडला:
जुना बोर्ड चोवीस वर्षं पंचवीस अंशांचं खोटं बोलत होता,
आणि ते तिच्या अंगवळणी पडलं होतं.
आईच्या चिठ्ठीतला आकडा
तिने कधीतरी हळूहळू वर सरकवला होता.
खरं बोलणारं यंत्र घरात आणून मी तिचा पाव जाळला.

त्या रात्री ती झोपल्यावर
मी 'बेक'चं बटण दाबून धरलं, सहा सेकंद,
आणि नव्या बोर्डाला जुनं खोटं शिकवलं: उणे पंचवीस.
सकाळी शीळ घालत कॉफी केली. सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी पाव निघाला पांढराफटक,
आजारपणातून उठलेल्या माणसासारखा, मधे ओला.
मी कार्ड उचललं.
चारशेवर पेन्सिलीची रेघ, शेजारी बारीक अक्षरात तीनशे पंचाहत्तर.
तिनेही सांगितलं नव्हतं.

कॉफीत बुडवून खाल्ला तो.
खाल्ला कसला, चमच्याने प्यालो.
तिला हसताना ठसका लागला, मी पाठीवर थापट्या मारल्या.

आता खोडरबर तिने घ्यायचं
की बटण मी दाबायचं, ते ठरलेलं नाही.
आज गुरुवार.
खिशात तो स्क्रू अजून लागतो हाताला.